पाच ऱ्हस्व स्वर आणि मेरिट

तीन वर्षांपूर्वी एका परिषदेत मी माझा पहिला इंग्रजी पेपर वाचत होते. विषय शहरातल्या नाल्याकाठच्या वस्त्यांचा. वाक्य अगदी साधं होतं, ‘इथे राहणारी कुटुंबं’. इंग्रजीत मी ते ‘पीपल लीव्हिंग हिअर’ असं वाचत गेले, तीनदा की चारदा. अध्यक्षस्थानी बसलेल्या प्राध्यापकांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, ‘आर दे लिव्हिंग देअर, ऑर लीव्हिंग?’ सभागृह हसलं. मीही हसले, कारण सगळे हसत होते. खरं सांगायचं तर विनोद मला कळलाच नव्हता. त्यांनी एकच शब्द दोनदा उच्चारला असं मला वाटलं होतं.

रात्री मेसमध्ये माझ्या तेलुगू मैत्रिणीने उलगडून सांगितलं. आखूड इ असेल तर राहणं, लांब ई असेल तर सोडून जाणं. म्हणजे मी पंधरा मिनिटं सांगत होते की लोक वस्ती सोडून चाललेत. तेव्हा सुचलं नाही, पण त्या वस्तीपुरती दोन्ही वाक्यं खरीच होती. महापालिकेच्या नोटिसा दारांवर चिकटलेल्या होत्या.

त्या एका आखूड इने मला पुढची तीन वर्षं कामाला लावलं. माझ्या प्रबंधाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मार्गदर्शकांना हे सांगितलेलं नाही. पण पहिलीपासून मराठी माध्यमात इंग्रजी शिकून, एम.ए. समाजशास्त्र करून, पीएच.डी.ला प्रवेश मिळवूनही इंग्रजीतले ऱ्हस्व स्वर मला कुणी कधी ऐकवलेच नव्हते, हे कळल्यावर गप्प बसवेना.

आपल्या मराठीत इ आणि ई यांचा फरक मुख्यतः कागदावर असतो. बोलताना त्या स्वराची लांबी तो शब्दात कुठे येतो यावर ठरते. ‘आणि’ लिहायचं ऱ्हस्व, पण तोंडाने आपण सगळेच ते लांबवतो. म्हणून तर शुद्धलेखनाचे नियम पाठ करावे लागतात आणि त्यात आपल्या पोरांचे मार्क जातात. इंग्रजीत मात्र याच फरकावर अर्थ बदलतो. सिट म्हणजे बस, सीट म्हणजे बसायची जागा. शिप जहाज, शीप मेंढी. फुल भरलेलं, फूल मूर्ख. आणि फरक नुसत्या लांबीचाही नाही. आखूड इ म्हणताना जीभ जराशी सैल आणि खाली असते, ओठ ताणलेले नसतात. हे दोन मिनिटांत तोंडाने करून दाखवता येतं. मला ते पंचविसाव्या वर्षी मेसच्या टेबलावर कळलं.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा माझी पुतणी चौथीत होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पाठ्यपुस्तकातले शब्द ती घोकत बसली होती, ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. बी ए टी बॅट, बॅट म्हणजे बॅट.’ मी वहीवर एम-ए-टी लिहिलं आणि विचारलं, हे काय? ती म्हणाली, हे अजून शिकवलं नाही.

शिकवलं नाही! कॅट येतं, बॅट येतं, पण मॅट येत नाही, कारण तिला कॅट वाचता येतच नव्हतं. सी, ए आणि टी ही अक्षरांची नावं आहेत. ती कितीही भराभर म्हणा, ‘सीएटी’ होईल, कॅट होणार नाही. मराठीत क या अक्षराचं नावही क आणि आवाजही क. काना, मात्रा, वेलांटी दिली की झालं. मराठी शिकलेलं लेकरू याच विश्वासाने इंग्रजीकडे जातं आणि तिथे अक्षराचं नाव एक, आवाज दुसराच. ए नावाचं अक्षर कॅटमध्ये ॲ म्हणतं. ही गोष्ट कुणी सांगितली नाही तर इंग्रजीचा प्रत्येक शब्द म्हणजे एकेक पाठ करायचा फोन नंबर होतो. हजार शब्द, हजार नंबर. आठवीपर्यंत पोरगं थकतं आणि मग आपण म्हणतो, याला इंग्रजी जमत नाही.

गंमत अशी की हे आवाज शाळेच्या भिंतीवरच टांगलेले असतात. ए फॉर ॲपल, ई फॉर एलिफंट, आय फॉर इंक, ओ फॉर ऑरेंज, यू फॉर अंब्रेला. इंग्रजीचे पाच ऱ्हस्व स्वर या पाच शब्दांच्या सुरुवातीलाच उभे आहेत: ॲ, ए, इ, ऑ, अ. (काही तक्त्यांवर आय फॉर आइसक्रीम असतं. मुलांना आवडतं, पण त्यात आखूड इ नाही.) वर्षानुवर्षं आपण हा तक्ता चालीत म्हणतो आणि ‘ए’ म्हटल्यावर तोंडातून ‘ॲ’ का निघतो हे कुणी विचारत नाही. त्यातून ॲ आणि ऑ ही अक्षरं तर मराठीच्या घरातली आहेत. राज्य सरकारने 2009 मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ती स्वरांमध्ये रीतसर बसवली आहेत. कुलूपही घरात, किल्लीही घरात, आणि पोरं दाराबाहेर.

मी पुतणीला तक्ता शिकवला नाही, तिला त्याचा कंटाळा होता. आमच्या वस्तीत विहाराच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे दिवसभर क्रिकेट चालतं. मी म्हटलं, तुमच्या खेळातले इंग्रजी शब्द सांगा. खेळणारी आठ-दहा पोरं जमा झाली आणि शब्दांचा पाऊस पडला. बॅट. लेग. हिट. ऑफ. रन. पाचच्या पाच! ॲ बॅटमध्ये, आखूड ए लेगमध्ये, इ हिटमध्ये, ऑ ऑफमध्ये, अ रनमध्ये. वर फुलटॉसमधला ऱ्हस्व उ बोनस. पंच कोणत्या बाजूला बोट दाखवतो ते ज्यांना कळतं, त्यांना आवाजाचं अक्षर कळायला वेळ लागत नाही. बॅटमधला मधला आवाज काढून लेगमधला घाल, काय होईल? बेट. हिटमधला घाल? बिट. रनमधला? बट. या ‘बट’वर अर्धा तास हसू चाललं, पण बी आणि टीच्या मध्ये अक्षर बदललं की शब्द बदलतो हे सगळ्यांना कायमचं कळलं. दुसऱ्या दिवशी एम-ए-टी कुणी विचारावंसुद्धा लागलं नाही.

मग शेवटी येणाऱ्या मुक्या ईची गोष्ट. सी-ए-पी कॅप, पण शेवटी ई आला की केप. किटचं काइट, हॉपचं होप, कटचं क्यूट. शेवटचा ई स्वतः तोंड उघडत नाही, पण मधल्या स्वराला त्याचं पाळण्यातलं नाव परत देतो. पोरांना हा ई फार आवडला. त्याला त्यांनी ‘मुका दादा’ असं नाव ठेवलं. सगळे शब्द त्याचं ऐकत नाहीत हेही लगेच लक्षात आलं. हॅव्ह, गिव्ह, कम, सम यांच्या शेवटी ई आहे आणि तरी आतला स्वर आखूडच आहे. पुतणीने वहीच्या मागच्या पानावर या ‘नियम न पाळणाऱ्या’ शब्दांची यादी सुरू केली.

हे सगळं मिळून दहा दिवसांचं काम होतं. मी इंग्रजीची शिक्षिका नाही, भाषाशास्त्राची पदवी नाही. यात प्रतिभा लागत नाही, वंशपरंपरा लागत नाही. शहरातल्या खाजगी बालवाड्यांत हेच ‘फोनिक्स’ या नावाने चार वर्षांच्या मुलांना शिकवतात. आमच्या तालुक्याच्या गावातही आता असा क्लास निघालाय. फी ऐकून वहिनीने विषय बदलला.

इथे समाजशास्त्राचं थोडं बोलते. बूर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सांस्कृतिक भांडवल ही कल्पना मांडली. शाळा जे नीट शिकवत नाही, पण परीक्षेत मात्र मागते, ते घरून घेऊन येणारी मुलं ‘हुशार’ ठरतात. मग घरून मिळालेली गोष्ट अंगचा गुण म्हणून मिरवली जाते. भारतात याला जात जोडा. ज्यांच्या आजोबांनी कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिली त्यांच्या नातवाच्या तोंडात आखूड इ जेवणाबरोबर गेली. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसवलं, त्यांच्या नातीला ती परिषदेत हशा झाल्यावर मिळते. आणि मुलाखतीत दोघांपुढे एकच तक्ता असतो, ‘कम्युनिकेशन स्किल्स’.

मराठीतही हे आपण भोगलेलं आहेच. ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’ म्हटलं म्हणून वर्गात उभं राहावं लागलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. न आणि ण यांच्यावरून आधी हसू झालं, आता इ आणि ई यांच्यावरून होतं. भाषा बदलली, वर्ग बदलला, हसण्याची जागा बदलली नाही.

हैदराबादला शिकायला आल्यावर मला एक वेगळं दिसलं, ते या पोर्टलच्या देशभरच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. प्रत्येक भाषेने आपल्या लेकरांना इंग्रजीचे काही स्वर फुकट दिले आहेत आणि काही दिलेले नाहीत. माझ्या तेलुगू मैत्रिणीच्या लिपीत आखूड ए आणि लांब ए यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. तमिळ, कन्नड, मल्याळममध्येही आहेत. त्यामुळे लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि जिभेची टेस्ट तिला वेगळ्या लिहिता येतात, वेगळ्या ऐकूही येतात. मराठीत मी दोन्ही एकच लिहिते. उत्तर प्रदेशातला मित्र ‘बैंक’ लिहितो आणि त्याच्या हिंदी ऐमधून ॲच्या जवळचा आवाज निघतो. आम्ही ऐ म्हणजे अइ म्हणतो, म्हणून आम्हाला चंद्रकोर लागली. बंगाली मैत्रिणीच्या तोंडात ॲ जन्मापासून आहे, ती ‘एक’लाच ‘ॲक’ म्हणते, पण बसला ‘बास’ म्हणते आणि इ-ईमध्ये माझ्यासारखीच अडखळते. ओडिया मित्राचीही इ-ईला तीच गत.

म्हणजे चुका जातीच्या नाहीत, त्या मातृभाषेच्या आहेत. तेलुगू ब्राह्मण आणि तेलुगू माला-मादिगा एकाच स्वरांवर वाढतात. फरक पुढे पडतो. एकाची ती खूण चांगल्या शाळेत तिसरीच्या आत पुसून मिळते, दुसऱ्याची तशीच राहते. मग ती खूण बघूनच लोक ओळखतात की हा कुठल्या शाळेतून आला असेल, आणि आपल्या देशात शाळेवरून जातीचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. आडनाव न विचारता आडनाव विचारायची ही सोय आहे.

आणि ‘बरोबर’ तरी कशाला म्हणायचं? माझी आजी बाबासाहेबांना ‘डाक्टर’ म्हणते. लांब आ, ऑ नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका ‘कालेज’, ‘हापिस’, ‘बालिष्टर’च म्हणतात. शाळेत असताना मला या उच्चारांची लाज वाटायची, आजीला सुधारायला जायचे. नंतर कळलं की अमेरिकेत डॉक्टरमधला पहिला स्वर आपल्या आच्याच जवळ जातो. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथल्या रस्त्यावर लोक साधारण आजीसारखंच म्हणत असतील. उत्तर इंग्लंडमध्ये बसला ‘बुस’ आणि कपला ‘कुप’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. न्यूझीलंडच्या माणसाने पेन मागितला तर आपल्याला वाटेल पिन मागितली. खुद्द इंग्रजी ज्यांची आहे त्यांच्यात हे स्वर प्रांताप्रांताला सरकतात. तिथेही उच्चारावरून वर्ग ओळखतात, हे खरं. पण न्यूझीलंडचा प्राध्यापक आपल्याकडे परिषदेला आला तर त्याची पिन ऐकून सभागृह हसत नाही. कान टवकारून ऐकतं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ऱ्हस्व स्वर कानाने ओळखता येणं ही वाचनाची किल्ली आहे. ती प्रत्येक पोराच्या हातात पहिली-दुसरीतच पडली पाहिजे. ते स्वर तोंडाने लंडनसारखे काढणं ही मात्र निव्वळ हौस आहे, ज्याला परवडेल त्याने करावी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. किल्ली द्यायची नाही आणि हौसेवर मार्क द्यायचे.

किल्ली मिळत नाही याचा आकडाही समोर आहे. 2022 च्या असर अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता येत होती, आणि 2016 मध्येही चित्र जवळपास तेच होतं. महाराष्ट्राने तर 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. निर्णय योग्यच होता, मी त्याचीच विद्यार्थिनी. पण शिकवायला उभे राहिलेले बहुतेक गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, तेही घोकून. त्यांनी जे आम्हाला दिलं ते त्यांच्याकडे होतं तेवढंच. मला त्यांच्यावर राग धरवत नाही.

राग येतो तो माध्यमाच्या वादाचा. आंध्र प्रदेश सरकारने 2019 मध्ये सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या करण्याचा निर्णय घेतला, उच्च न्यायालयाने तो एप्रिल 2020 मध्ये रद्द केला, आणि दोन्ही वेळा मातृभाषा विरुद्ध इंग्रजी अशी देशभर चर्चा झडली. मातृभाषेची महती सांगणाऱ्या कित्येकांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या चर्चेत मी इंग्रजी मागणाऱ्या आई-बापांच्या बाजूने होते आणि आहे. सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं ते उगाच नाही. पण शाळेच्या फाटकावरची पाटी बदलून आतला ‘सी ए टी कॅट’ तसाच राहिला तर पोरं आता एकाऐवजी सगळ्या विषयांचे फोन नंबर पाठ करतील. इंग्रजी माध्यमाच्या स्वस्त शाळांत आज हेच घडतंय. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांनी कर्ज काढून ही फी भरली आहे. विज्ञानाची इंग्रजी उत्तरं पोरांना पाठ आहेत, आणि त्यातला एक शब्द बदलून विचारला तर ती वाचता येत नाहीत.

1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतिराव फुल्यांनी हेच तर सुनावलं होतं. रयतेने भरलेल्या पैशांवर वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण पोसायचं आणि वरून खाली विद्या झिरपेल म्हणून वाट बघायची, हे धोरण त्यांना मान्य नव्हतं. पैसा आणि चांगले शिक्षक प्राथमिक शाळेत लावा, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांनी आखूड इसुद्धा झिरपलेली नाही. डी.एड.च्या अभ्यासक्रमात आणि कामावरच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात इंग्रजीच्या ध्वनींना घोकंपट्टीआधीची जागा द्या, प्रत्येक शिक्षकाला तोंडाने करून दाखवायला शिकवा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत यायला हवी. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांच्या मागण्यांशेजारी ती किरकोळ दिसेल. पण वसतिगृहात पोचण्याआधीच गळून जाणारी पोरं इथेच गळतात.

सरकारची वाट बघायचीही गरज नाही. गावोगाव विहारांत, समाजमंदिरांत अभ्यासिका चालतात. तिथे बहुधा स्पर्धा परीक्षांची मोठी पोरं बसतात, लहानांना हाकलून देतात. त्यांनी आठवड्यातला एक तास या पाच स्वरांना द्यावा. खर्च शून्य.

आणि एक आपल्यातलं. माझ्या उच्चारावर हसलेल्यांत त्या दिवशी आपलेही दोघं-तिघं होते. चांगल्या शाळेत गेलेले, बाबासाहेबांवर सुंदर इंग्रजीत लिहिणारे. मी त्यांना नंतर विचारलं नाही. त्यांनाही कुणीतरी आधी हसलं असेल.

परवा घरी गेले होते. शिष्यवृत्तीच्या कामासाठी माझी कागदपत्रांची फाइल उघडली होती आणि पुतणी शेजारी बसून दिसेल ते इंग्रजी मोठ्याने वाचत होती. जातवैधता प्रमाणपत्र तिच्या हाती लागलं. ‘व्हॅलिडिटी’ला ती अडली नाही, रिचार्जमुळे तो शब्द घरात रोजचा आहे. पण पहिला शब्द तिने नियमाने वाचला. सी-ए-एस-टी, शेवटी मुका दादा. जिभेची टेस्ट, दातांची पेस्ट, तसं ‘केस्ट’.

मी म्हटलं, नाही, हा कास्ट.

‘पण शेवटी ई आहे.’

‘आहे. तरी हा शब्द ऐकत नाही. पोर्तुगिजांच्या कास्टा या शब्दावरून आलाय, बाहेरचा आहे.’

‘म्हणजे जात बाहेरून आली?’

‘शब्द बाहेरून आला. जात इथलीच.’

तिने वही काढली आणि मागच्या पानावर हॅव्ह, गिव्ह, कम, सम यांच्या खाली तो लिहून ठेवला.